अंधार कुठे ठेवायचा?

ऑगस्ट २०१८ मध्ये पोर्तुगालच्या पोर्तो शहरातल्या सेराल्विश संग्रहालयात एक माणूस कलाकृतीत पडला. कलाकृती अनिश कपूर यांची, १९९२ सालची, 'डिसेंट इन्टू लिंबो' नावाची. एक लहानशी चौकोनी खोली आणि तिच्या जमिनीत मधोमध एक काळं वर्तुळ. ते रंगवलेलं आहे की खणलेलं, हे नुसत्या डोळ्यांना कळू नये इतकं काळं. सावधगिरीची पाटी होती. तरी त्या साठीतल्या पाहुण्याने पुढे पाऊल टाकलं आणि तो सुमारे अडीच मीटर खाली गेला. जिवावर बेतलं नाही, म्हणून आपण हसू शकतो.

त्याची चूक तशी छोटी होती. अंधार जमिनीवर आहे असं त्याला वाटलं, तो जमिनीच्या आत होता.

कलेतल्या अंधाराविषयी लिहिलं-बोललं जातं तेव्हा बहुधा त्याचा अर्थ विचारला जातो आणि उत्तरं ठरलेली येतात. मृत्यू, पाप, अज्ञान, गूढ, अबोध मन. ही उत्तरं खोटी नाहीत, पण ती कुठल्याही चित्राला, नाटकाला, कवितेला चिकटवता येतात, म्हणून फारशा उपयोगाची नाहीत. मला पोर्तोच्या पाहुण्याला पडलेला (आणि पाडणारा) प्रश्न जास्त कामाचा वाटतो. अंधार आहे कुठे? चित्राच्या भोवती, चित्राच्या आत, की बघणाऱ्याच्या अंगावर? कलावंताने तो जिथे ठेवला तिथून त्याचा अर्थ ठरतो. अजिंठ्यापासून 'तुंबाड'पर्यंत हीच जागा बदलत गेली आहे.

आधी भाषेकडे जरा बघू. मराठीत अंधार 'पडतो', काळोख 'दाटतो'. पडणारी गोष्ट वरून येते, दाटणारी आतून. काळोख मिट्ट असतो, अंधार गुडुप होतो, आणि रात्र किर्र असते. हा 'किर्र' तर सरळ रातकिड्यांचा आवाज आहे. म्हणजे आपण डोळ्यांच्या अनुभवाला कानाचं विशेषण दिलं. दिवा 'विझवला' म्हणायला जुन्या घरांत मनाई असे, तो 'मालवायचा' किंवा 'शांत करायचा'. या सगळ्यामागे अंधाराची भीती आहे, हे उघड आहे. पसायदानात मागणं आहे ते दुरिताचा अंधार जाण्याचं. तिन्हीसांजेला दिव्यापुढे हात जोडायचे, आषाढातल्या अमावास्येला घरातले सगळे दिवे घासून पुसून मांडायचे. (त्या अमावास्येला गटारीचं नाव मिळालं, तो दिव्यांचा दोष नव्हे.)

पण आपल्या हिशेबाच्या वहीला दुसरं पानही आहे. ज्याच्यासाठी लाखो माणसं पायी पंढरपूरला जातात तो काळा आहे, आणि त्याचं काळेपण हे त्याचं सौंदर्य म्हणून गायलं गेलं आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात प्रत्येक रसाला रंग दिला आहे. तिथे भयानकाचा रंग कृष्ण आहे, हे अपेक्षेप्रमाणेच. मात्र शृंगाराचा रंग श्याम आहे. हास्य पांढरं, रौद्र लाल, अद्भुत पिवळं आणि प्रेम मात्र सावळं. करुणाला कपोताचा, म्हणजे पारव्याचा रंग. म्हणजे काळ्याच्या जवळपासच्या छटा आपल्या शास्त्राने एकट्या भीतीच्या पदरात टाकल्या नाहीत. भीतीला एक दिली, प्रेमाला एक, दुःखाला एक. युरोपातल्या चित्रकलेवरची पुस्तकं वाचून अंधार म्हणजे उदासी असं समीकरण आपण उचललं, तेव्हा ही वाटणी विसरलो.

आपल्याकडे अंधार पहिल्यांदा नेमून ठेवला गेला तो कलाकृतीच्या भोवती. त्याला आपण गाभारा म्हणतो. उन्हातलं अंगण, सावलीचा मंडप, आणखी अंधुक अंतराळ आणि मग गाभारा, अशी ही पायरीपायरीची उतरण. डोळ्यांना सवय व्हायला तेवढी पावलं लागतात, हे त्या बांधणाऱ्यांना ठाऊक होतं. घारापुरीच्या मुख्य लेण्यात हेच कातळात केलेलं दिसतं. उत्तरेच्या दारातून आत शिरलं की समोरच्या मागच्या भिंतीत, जवळपास वीस फूट उंचीचा तो तीन मुखांचा सदाशिव. त्याच्यापर्यंत पोचणारा उजेड खांबांना आपटत, फिका होत येतो. आत शिरताक्षणी तो दिसत नाही, हळूहळू पुढे येतो. कार्ल्याच्या चैत्यात नेमकं उलट. दारावरच्या प्रचंड नालाकृती खिडकीतून उजेड घेऊन तो स्तूपाकडे पाठवलाय आणि बाजूच्या वाटा खांबांमागे अंधारात ठेवल्यात. एकीकडे देव अंधारात आणि भक्त उजेडात, दुसरीकडे स्तूप उजेडात आणि प्रदक्षिणा घालणारा अंधारात. दगड तोच, सह्याद्रीचा काळा बसाल्ट, पण अंधार ठेवण्याची जागा बदलल्याबरोबर नातं बदललं.

जपानी कादंबरीकार जुनिचिरो तानिझाकी यांनी १९३३ मध्ये सावल्यांच्या कौतुकाचा एक दीर्घ निबंध लिहिला. त्यातला एक मुद्दा आपल्याला चटकन पटेल. सोन्याचं काम केलेली लाखेची भांडी विजेच्या दिव्याखाली भडक दिसतात, कारण ती मेणबत्तीच्या उजेडासाठी घडवलेली होती. अंधुकात सगळं नक्षीकाम एकदम दिसत नाही, कुठे एक रेघ चमकते, कुठे एक ठिपका. आपल्या देवांच्या मूर्तीला बसवलेले चांदीचे डोळे याच हिशेबाने केलेले असणार. निरांजनाच्या ज्योतीत ते हलल्यासारखे वाटतात. आता पुष्कळ गाभाऱ्यांत ट्यूबलाइट आहे, पंखा आहे, रंग बदलणाऱ्या एलईडीच्या माळा आहेत. देव स्पष्ट दिसतो, डोळे मात्र पत्र्याचे वाटतात. माझी तक्रार धर्माची नाही, प्रकाशयोजनेची आहे.

या भोवतालच्या अंधाराचं शरीरशास्त्रही थोडं सांगायला हवं. उन्हातून आत आल्यावर डोळ्यांतल्या रंग ओळखणाऱ्या पेशी पाच-दहा मिनिटांत स्थिरावतात, मंद उजेडात काम करणाऱ्या पेशींना पुरतं जागं व्हायला मात्र वीस ते तीस मिनिटं लागतात. उजेड कमी होत गेला की लाल रंग आधी काळवंडतो आणि निळा टिकून राहतो, किंबहुना उजळ वाटू लागतो. झेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये याने हे टिपलं, म्हणून हा परिणाम त्याच्या नावाने ओळखला जातो. कातरवेळेला जास्वंद आधी विझते आणि गोकर्ण शेवटपर्यंत दिसते, ते यामुळे. आता अजिंठ्याची चित्रं आठवा. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, अफगाणिस्तानातून आलेला लाजवर्दी निळा आणि काळ्यासाठी काजळी. यातली काजळी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ज्या दिव्याने अंधार हटवायचा त्याच दिव्याच्या ज्योतीवर धरलेली काजळी भिंतीवर केस झाली, बुबुळं झाली, बाह्यरेषा झाली. दिव्याखाली अंधार असतो ही म्हण आपल्याला पाठ आहे. दिव्याच्या वरचा अंधार चित्रकारांनी खरवडून वापरला.

भोवती इतका अंधार असताना चित्राच्या आत मात्र तो जवळजवळ नाही, हे विशेष आहे. अजिंठ्यापासून राजस्थानी, पहाडी लघुचित्रांपर्यंत ही परंपरा चालते. लघुचित्रातली रात्र पाहा. वर चंद्रकोर, ठिपक्यांचे तारे, कुठे मशाल, पार्श्वभूमीला गडद निळं-करडं. पण नायिकेचा चेहरा, तिची ओढणी, पायातले पैंजण, झाडाचं पान न् पान दुपारच्या उन्हात असावं तसं स्वच्छ. कारण रात्र ही तिथे माहिती आहे, अडथळा नाही. संस्कृत काव्यशास्त्राने अभिसारिकेचेही दोन प्रकार केले, चांदण्या रात्री पांढरं नेसून जाणारी आणि काळ्या रात्री काळं नेसून जाणारी. दुसरीचा अंधार तिचा शत्रू नाही, तो तिचा पदर आहे. साप, पाऊस, वीज, पिशाच्चं असं सगळं वाटेवर असतं आणि ती निघालेली असते. चित्रकाराने तिला अंधारात लपवलं तर आपल्याला ती दिसणार नाही, म्हणून तो तिला जगापासून लपवतो आणि आपल्याला दाखवतो. इथे बघणाऱ्याला मानाचं पान आहे.

रंगभूमीवर हीच युक्ती होती. शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'च्या पहिल्या अंकात वसंतसेना काळोख्या रस्त्यातून पळते आहे आणि शकार तिला चाचपडत शोधतो आहे. फुलांचा वास आणि दागिन्यांचा आवाज तिचा घात करतील अशी भीती आहे. चारुदत्ताच्या दाराशी ती पदराने दिवा मालवते आणि आत शिरते. प्राचीन रंगमंचावर हे सगळं उजेडातच व्हायचं. अंधार नटाच्या पावलांत आणि हातांत असायचा. चिनी ऑपेरात दोन माणसांच्या काळोखातल्या मारामारीचा प्रवेश आजही लख्ख प्रकाशात करतात, आणि प्रेक्षक श्वास रोखून बघतात. देवलांनी 'मृच्छकटिक' मराठीत आणलं. त्याचे आजचे प्रयोग निळा दिवा टाकून रात्र करतात. रात्र होते खरी, पण नटाचं निम्मं काम काढून घेतलं जातं.

चित्राच्या आत खराखुरा अंधार आणला तो युरोपने, आणि त्यातही रोममध्ये काराव्हाज्योने. त्याच्याआधी छायाप्रकाश होता, लिओनार्दोचा धूसरपणा होता, पण निम्मा कॅनव्हास सरळ काळ्याला देऊन टाकण्याची हिंमत नव्हती. सान लुईजी देई फ्रान्चेझी या चर्चच्या एका छोट्या कुशीत त्याची मॅथ्यूवरची चित्रं आहेत. 'मॅथ्यूला हाक' हे १५९९-१६०० मधलं. टेबलाभोवती पैसे मोजत बसलेली माणसं, उजवीकडून येणारा तिरका उजेड आणि त्याच बाजूला जेमतेम दिसणारा येशू. वेदीच्या वरच्या खिडकीची दिशा आणि चित्रातल्या उजेडाची दिशा त्याने जुळवून घेतली. म्हणजे चर्चचा अंधार कुठे संपतो आणि चित्राचा कुठे सुरू होतो, ते कळू नये. भोवतालचा अंधार त्याने ओढून चौकटीच्या आत घेतला. आता तिथे नाणं टाकायचं यंत्र आहे. नाणं टाकलं की दिवा लागतो, काही वेळाने खट् करून जातो. दिवा गेल्यावर चित्र संपलं म्हणून माणसं निघून जातात. खरं तर काराव्हाज्योने चित्र केलं ते दिवा जाण्याच्या बाजूचं.

हे त्याला जमलं त्यात तैलरंगाचा मोठा वाटा आहे. काराव्हाज्यो कॅनव्हासला आधी गडद तपकिरी अस्तर द्यायचा आणि त्यातून उजेड वर काढायचा. अंधार आधी, माणसं नंतर. कोळशाने कागद काळा करून खोडरबराने आकृती पुसून काढणारा कलाविद्यार्थीही हेच करतो. जलरंगात सगळा उलटा कारभार. तिथे पांढरा रंग म्हणजे कागदच. उजेड रंगवता येत नाही, तो 'सोडावा' लागतो. अंधार थरावर थर चढवत त्याच्या कडेपर्यंत न्यायचा आणि ऐन वेळी थांबायचं. एकदा ओघळ आत गेला की दिवा गेला.

म्हणून सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचं 'ग्लो ऑफ होप' मला कसोटीचं चित्र वाटतं. १९४५-४६ च्या सुमाराचं हे जलरंगातलं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातल्या संग्रहालयात आहे. हातात दिवा, दुसऱ्या हाताचा आडोसा, बोटांतून झिरपणारा तांबूस उजेड. समोर उभी राहिली होती त्यांची मुलगी. पुष्कळ लोक ते रविवर्म्याचं समजतात, आणि कॅलेंडरांनी ते इतकं गुळगुळीत केलं आहे की त्याच्याकडे कोणी चित्र म्हणून बघत नाही. पण बोटांच्या कडा बघा. तिथला केशरी हा ज्योतीचा नाही, रक्ताचा आहे, ज्योत त्याच्या मागे आहे. भोवतालचा सगळा अंधार हा त्या दोन इंच उजेडासाठी घेतलेले कष्ट आहेत. नावात 'आशा' घातली नसती तर बरं झालं असतं, असं माझं मत आहे. तिच्या चेहऱ्यावर आशा नाही, लक्ष आहे. दिवा विझू नये एवढंच.

चित्रात अंधार असतो तो नेहमी चित्रकाराने घातलेला असतोच असंही नाही. रेम्ब्रांटचं १६४२ मधलं प्रचंड समूहचित्र 'रात्रीचा पहारा' म्हणून जगभर ओळखलं जातं. रात्र त्यात नाही. कॅप्टन फ्रान्स बॅनिंक कॉकची तुकडी दिवसाउजेडी निघाली आहे. वर चढवलेलं व्हार्निश वर्षानुवर्षं काळवंडत गेलं, अठराव्या शतकाच्या अखेरीस हे नाव चिकटलं, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर सफाई झाली तेव्हा दिवस उजाडला. नाव मात्र राहिलं. (युद्धकाळात ते गुंडाळून मास्ट्रिख्टजवळच्या भुयारांत ठेवलं होतं. एवढाच काय तो त्याचा रात्रीशी संबंध.) अजिंठ्यालाही असंच झालं. १८१९ मध्ये जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी तिथे पोचला, दहाव्या लेण्यातल्या खांबावर त्याने नाव कोरलं. त्यानंतर नकला करणारे आले, व्हार्निशं आली. निजामाच्या काळात, १९२० नंतर, इटलीतून चेक्कोनी आणि ओर्सिनी हे तज्ज्ञ आले. त्यांनी निखळणारे पापुद्रे वाचवले हे त्यांचं ऋण आहेच, पण रंगांवर चढवलेला लाखेचा थर पुढे पिवळा-तपकिरी होत गेला. वाचवण्यासाठी लावलेलंच झाकण झालं. आणि नकलांचं म्हणाल तर रॉबर्ट गिलच्या बहुतेक नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या जे. जे.च्या विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षं खपून केलेल्यांपैकी पुष्कळ १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या आगीत जळल्या. भिंतीवरची मूळ चित्रं दीड हजार वर्षं अंधारात टिकली आणि त्यांच्या प्रती उजेडात नेल्यावर राख झाल्या.

१८१९ याच साली माद्रिदच्या बाहेर, बहिऱ्या फ्रान्सिस्को गोयाने एक घर घेतलं. घराचं नावही 'बहिऱ्याची वाडी' अशा अर्थाचं, आणि गंमत म्हणजे ते आधीच्या मालकामुळे पडलेलं. पुढच्या चार वर्षांत त्याने तिथल्या भिंतींवर चौदा चित्रं काढली. पोराला खाणारा शनी, वाळूत गळ्यापर्यंत बुडालेलं कुत्रं, मध्यरात्रीचे मेळे. कोणी मागितली नव्हती, कोणाला दाखवायची नव्हती, त्यांना नावंही त्याने दिली नाहीत. जेवणाच्या खोलीत माणूस अशी चित्रं का काढतो, यावर ग्रंथ आहेत. मला एकच गोष्ट खटकते. १८७४ पासून ती भिंतीवरून काढून कॅनव्हासवर चढवली गेली आणि आता प्रादो संग्रहालयात नीट उजेडात टांगलेली आहेत. काराव्हाज्योने भोवतीचा अंधार आत घेतला होता. गोयाच्या चित्रांतला आतला अंधार राहिला, भोवतीचा काढून घेतला. त्या घरात मेणबत्ती घेऊन फिरताना ती कशी अंगावर येत असतील, हे प्रादोत कळत नाही.

त्यानंतरच्या काळ्याविषयी थोडक्यात. मालेविचने १९१५ मध्ये पेत्रोग्रादच्या प्रदर्शनात 'काळा चौकोन' भिंतींच्या कोपऱ्यात, छताजवळ, रशियन घरांत देवाची तसबीर ठेवतात तिथे लावला. म्हणजे त्यानेही जागाच निवडली. फ्रेंच चित्रकार पिएर सुलाज १९७९ पासून नुसत्या काळ्याचे जाड, खरवडलेले थर देत राहिला आणि त्या चरांवरून परतणारा उजेड हाच आपला रंग म्हणू लागला. ते खरंच देखणं आहे. मग २०१४ मध्ये एका ब्रिटिश कंपनीने 'व्हॅन्टाब्लॅक' केला, पडलेल्या उजेडापैकी ९९.९६५ टक्के गिळणारा, आणि २०१६ मध्ये तो कलेत वापरायचा हक्क एकट्या कपूरांनी घेतला. इतर चित्रकार चिडले, एकाने जगातला सर्वांत गुलाबी गुलाबी रंग बनवून तो कपूर सोडून सर्वांना विकायला काढला. मुंबईत जन्मलेल्या माणसाने काळोखाचा सातबारा आपल्या नावावर करून घेतला, यात जागांच्या भावाचा काही संस्कार असावा.

अंधार बघणाऱ्याच्या अंगावर टाकण्याची कल्पना मात्र तुलनेने ताजी आहे. युरोपातली नाट्यगृहं शतकानुशतकं उजळलेली असत, माणसं एकमेकांना बघायला जात. १८७६ मध्ये वाग्नरने बायरॉइटला प्रेक्षागृहातले दिवे घालवले, आणि लोकांना रंगमंचाशिवाय बघायला काही उरलं नाही. आपल्या दशावताराला हे कधीच लागलं नाही. कोकणातल्या जत्रेत देवळापुढे पहाटेपर्यंत खेळ चालतो, पेट्रोमॅक्स आणि आता बल्ब सगळ्यांवरच असतो, चहावाला मधून फिरतो. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर मंडळी चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करतात, तिथे पडदा, मागे दिवा आणि पुढे अंधारात बसलेलं गाव. सिनेमाचं सगळं सामान तेच, फक्त फिल्म नाही.

आणि सिनेमाने तर अंधार आपल्या नकळत आपल्या डोळ्यांतच घातला. फिल्मवर चालणाऱ्या प्रोजेक्टरमध्ये सेकंदाला चोवीस चौकटी सरकतात, आणि दर वेळी चौकट बदलताना पाकळी आडवी येऊन उजेड अडवते. हिशेब केला तर पडदा जवळजवळ निम्मा वेळ काळा असतो. तीन तासांच्या चित्रपटात आपण दीड तास अंधार बघून आलेलो असायचो, आणि तिकीट पूर्ण. डिजिटल आल्यावर तो गेला. गेल्याचं कोणाला कळलंही नाही.

पडद्यावरच्या अंधाराची आपली मुळं पुण्यात सापडतात. शांताराम जर्मनीहून परतल्यानंतर प्रभातने पुण्यात केलेला पहिला चित्रपट 'अमृतमंथन', १९३४ चा. केशवराव धायबरांचा कॅमेरा, चंडिकेच्या देवळातल्या मशाली, आणि हिंदी आवृत्तीत राजगुरू झालेल्या चंद्रमोहनचा पडदाभर डोळा. चेहरा अंधारात आणि डोळा उजेडात, ही भाषा तिथे पक्की झाली. पुढे अमेरिकेत 'गॉडफादर'मध्ये गॉर्डन विलिसने वरून दिवा टाकून ब्रँडोच्या डोळ्यांच्या खोबणीच काळ्या केल्या. तिथे डोळाच अंधारात, कारण त्या माणसाच्या मनात काय आहे ते कळू द्यायचं नव्हतं. २०१८ चा राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' या दोघांच्या पुढे एका गोष्टीत जातो. पंकज कुमार यांच्या छायाचित्रणात उजेड बहुतेक वेळा पात्रांच्या हातात असतो, कंदील किंवा मशाल, आणि जिथे ती नेतात तेवढंच दिसतं. पावसाळी कोकणातल्या घराला आतून जो ओला काळोख असतो, तो त्या चित्रपटात आहे. भयपट म्हणून मला त्यातलं राक्षसाचं प्रकरण फारसं भावलं नाही. माजघरातल्या म्हातारीचं भावलं.

शब्दांत अंधार ठेवायचा म्हणजे आणखी अवघड, कारण शब्द वाचायला उजेड लागतो. जी. ए. कुलकर्ण्यांच्या संग्रहांची नावं ओळीने म्हणून बघा. 'निळासावळा', 'पारवा', 'रक्तचंदन', 'काजळमाया', 'सांजशकुन', 'पिंगळावेळ'. ही एखाद्या चित्रकाराची रंगपेटी आहे, आणि 'हिरवे रावे' सोडले तर तिच्यात दिवस जवळजवळ नाही. जीए चित्रंही काढत. करुणाचा पारवा आणि दिव्याची काजळी, दोन्ही त्यांच्या मुखपृष्ठांवर आहेत, हा योगायोग असला तरी मला तो आवडतो. खानोलकरांनी 'रात्र काळी, घागर काळी' हे कादंबरीचं नाव विष्णुदास नाम्याच्या गौळणीतून उचललं. त्या गौळणीत भोवतालचं आणि अंगाखांद्यावरचं एकूण एक काळं आहे, आणि एवढ्या काळ्यात एकटीने जायला नको म्हणून सोबत मागितली आहे ती आणखी एका सावळ्याची. मालेविचच्या कितीतरी आधी आपल्याकडे काळ्यावर काळं काढून झालं होतं.

पण इथे एक हरकत घ्यायला हवी, आणि ती मराठीतूनच आली आहे. अंधाराचं कौतुक करायला बटण आपल्या हातात असावं लागतं. नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा'ला प्रस्तावना लिहिण्याआधी विजय तेंडुलकर ढसाळांबरोबर कामाठीपुऱ्याच्या गल्ल्यांतून हिंडले होते. त्या कवितेतली रात्र सूचक, संदिग्ध, तलम नाही. ती कामाची पाळी आहे. दलित कवितेत सूर्य आणि उजेड पुन्हा पुन्हा येतात, याला काही समीक्षकांनी ढोबळ प्रतीक म्हणून नाक मुरडलं. मला ते अन्यायाचं वाटतं. ज्याला वस्तीबाहेरच्या अंधारात पिढ्यान् पिढ्या ठेवलं गेलं, त्याने गाभाऱ्याच्या मंदपणाचं सौंदर्य का म्हणून वाखाणायचं? त्या गाभाऱ्यात त्याला प्रवेशच नव्हता. तानिझाकी वाचताना हे मनात येतं, आणि भारनियमनाच्या वर्षांत बारा-बारा तास चिमणीवर काढलेल्या गावातल्या पोरांना आपला निबंध वाचून दाखवायची त्यांची छाती झाली असती का, असंही वाटतं. अंधार कुठे ठेवायचा या प्रश्नाच्या पाठीमागे कोणाला ठेवायचं हा प्रश्न आहेच.

बिनोदबिहारी मुखर्जींना कोणी विचारलंच नव्हतं. शांतिनिकेतनचा हा चित्रकार जन्मापासून एका डोळ्याने अधू, दुसऱ्याने कमी बघणारा. १९५०च्या दशकात शस्त्रक्रियेनंतर उरलीसुरली दृष्टीही गेली. त्यानंतर त्यांनी रंगीत कागद कापून चित्रं केली, मेणाची शिल्पं केली, आणि कलाभवनात टाइल्सचं भित्तिचित्र उभं केलं. त्यांचे विद्यार्थी सत्यजित राय यांनी १९७२ मध्ये त्यांच्यावर 'द इनर आय' हा माहितीपट केला. त्या कागदाच्या चित्रांत काळा रंग आहे, पण अंधार शोधून सापडत नाही. केशरी, पिवळा, हिरवा, माणसं, कडा बोटांनी तपासून कापलेल्या. अंधार आत असलेला माणूस तो चित्रात कशाला ठेवील?

इकडे बाहेरचा अंधार संपत चालला आहे. जानेवारी २०२४ मध्ये पेंच व्याघ्रप्रकल्पाला भारतातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. वाघासारखाच काळोखही आता राखीव ठेवावा लागतो, हद्द आखून, गावांतले दिवे खाली वळवून.

फर्दापूरच्या फाट्यावर गाडी सोडून बसने अजिंठ्याला गेलो होतो, त्याला काही वर्षं झाली. पहिल्या लेण्यात मंद पिवळे दिवे आहेत, फ्लॅशला बंदी आहे. पद्मपाणीपुढे गर्दी होती. आमचा वाटाड्या आम्हाला आतल्या बुद्धमूर्तीकडे घेऊन गेला आणि त्याने खिशातून बॅटरी काढली. डावीकडून धरली, चेहरा उदास झाला. उजवीकडून धरली, ओठांच्या कोपऱ्यात हसू. समोरून धरली, ध्यान. हा खेळ तिथले सगळे वाटाडे करतात, तरी घोळक्यातून 'अरे वा' निघालंच. मग त्याने बॅटरी मालवली, "चला, दोन नंबर", म्हणाला, आणि घोळका निघाला. मी थांबलो. आधी काहीच दिसेना. मग कपाळ आलं, मग नाक, मग ओठ. उदास नाहीत, हसरेही नाहीत. डोळे अजून यायचे होते.

तेवढ्यात मागून कोणीतरी मोबाइलचा दिवा लावला.